दूध संस्थेच्या काउंटरवर माऊस हवा, कीबोर्ड हवा की बोलून नोंद?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. गावच्या दूध संस्थेत डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळापासून चालत आलेला संकलनाचा प्रोग्रॅम काढून तुम्ही नवा बसवलात. ब्राउझरमध्ये चालतो, मोठी बटणं आहेत, सभासद निवडायला फोटोंसकट यादी आहे, सगळं माऊसने किंवा बोटाने होतं. संचालक मंडळ खूश आहे. पण रोज पहाटे काट्याशेजारी बसणारे सचिव म्हणतात, जुनाच बरा होता. त्यात कोणीतरी सुचवलंय की आता एआय आलंय, तर मराठीत बोलूनच नोंद होऊ द्या. म्हणून तुम्ही विचारताय की माणसाने कॉम्प्युटरशी व्यवहार करायच्या इतक्या पद्धतींपैकी योग्य कोणती.

प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय की सचिवांचं वय झालं, त्यांना बदल नको असतो. हे मला पटत नाही. सहकारी संस्थांच्या काउंटरवर चालणारी सॉफ्टवेअर बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जुन्याला चिकटून बसलेल्या माणसाच्या शेजारी तासभर बसलं, की बहुतेक वेळा त्याच्याकडे एखादं ठोस कारण सापडतं. त्याला ते शब्दांत मांडता येत नाही, एवढंच.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. एका सॉफ्टवेअरला एकच पद्धत असावी, असं तुम्ही धरून चाललाय. तुमच्या प्रोग्रॅमला निदान चार प्रकारची माणसं हात लावणार: सचिव, दूध घालणारे उत्पादक, दरपत्रक आणि कपाती बघणारा हिशेबनीस, आणि महिन्यातून एकदा आकडे बघणारे संचालक. प्रत्येकाचं काम वेगळं, सराव वेगळा, चुकीची किंमत वेगळी. पद्धत निवडताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: या कामात लक्षात ठेवायचं ओझं माणसाने घ्यायचं की यंत्राने? जो दिवसातून शेकडो वेळा तेच करतो तो ते ओझं आनंदाने घेतो, कारण त्यात त्याचा वेळ वाचतो. जो महिन्यातून एकदा येतो त्याच्यावर ते टाकलं तर तो प्रत्येक वेळी तुम्हाला फोन करील.

पद्धतींची ढोबळ विभागणी सांगतो. बेन श्नायडरमन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने केलेले पाच गट आमच्या क्षेत्रात अजून चालतात: आज्ञा टाइप करणं, मेनूतून निवडणं, फॉर्म भरणं, पडद्यावरच्या वस्तूला थेट हात घालणं, आणि रोजच्या भाषेत बोलणं किंवा लिहिणं. चौथ्या पद्धतीवर त्याचा १९८३ सालचा लेख आहे. वस्तू सतत समोर दिसावी, हाताच्या कृतीने ती हलावी, परिणाम तत्काळ दिसावा आणि केलेलं मागे घेता यावं, ही तिची लक्षणं त्याने त्यात मांडली. 'मागे घेता यावं' हे शेवटचं लक्षण ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

या पाच पायऱ्या आहेत आणि आपण खालून वर चढत आलो, असा एक समज सर्रास आढळतो. इतिहास तसा नाही. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा ओढून आकृती काढणारा इव्हान सदरलँडचा स्केचपॅड १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तयार होता. इंग्रजीत गप्पा मारणारा जोसेफ वायझेनबॉमचा एलायझा हा प्रोग्रॅम १९६६चा. माऊसचं प्रसिद्ध प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्टने १९६८च्या डिसेंबरमध्ये दिलं. उलट, विमान तिकिटांसाठी अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी साठच्या दशकात सेबर यंत्रणा उभारली, आणि त्या धर्तीच्या यंत्रणांवर काम करणारे बरेच एजंट आजही आज्ञाच टाइप करतात. सुरुवातीला एखादी खूण, तिला चिकटून तारीख, मग मुंबईचं बीओएम, दिल्लीचं डीईएल, मध्ये मोकळी जागा नाही. नवख्याला हे मंत्र वाटतात, पण सरावलेल्या एजंटापुढे रंगीत कॅलेंडर ठेवलं तर तो वैतागतो. तेव्हा 'आधुनिक कोणती' हा प्रश्न बाजूलाच ठेवू.

आता सचिवांची सकाळ बघू, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. दूध काट्यावर येतं, वजन मशीनमधून येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दूध तपासणाऱ्या ॲनालायझरमधून येतात. सचिवांनी द्यायचं एवढंच: हे दूध कोणाचं? जुन्या प्रोग्रॅममध्ये ते तीन आकडी कोड आणि एंटर दाबत होते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ते यादी उघडतात, नाव शोधून त्यावर क्लिक करतात आणि शेवटी 'जतन करा'वर क्लिक करतात.

स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये अशा हालचालींना लागणाऱ्या वेळेचं एक साधं गणित दिलं, ते मी अजून वापरतो. सरावलेल्या हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद, माऊसचा बाण हव्या त्या जागी न्यायला सरासरी १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माऊसवर किंवा परत न्यायला ०.४ सेकंद. म्हणजे कोड आणि एंटर मिळून ०.८ सेकंद. एकदा माऊसकडे जाऊन, नेम धरून, क्लिक करून परत यायला २.१ सेकंद. प्रत्येक नोंदीत अशा तीन फेऱ्या पडल्या तर ६.३ सेकंद. संस्थेचे दोनशे उत्पादक धरले तर एका वेळच्या संकलनात नुसत्या माऊसच्या फेऱ्यांत २१ मिनिटं जातात. पुन्हा संध्याकाळी तेवढीच. टँकर यायची वेळ ठरलेली, बाहेर किटल्या घेऊन रांग उभी, मुलांना शाळेत सोडायचंय म्हणून कोणी कुरकुरतंय. सचिव 'जुनाच बरा' म्हणतात तेव्हा ते या २१ मिनिटांबद्दल बोलत असतात.

दुसरं कारण याहून छुपं आहे. डॉसच्या काळात पीसी दाबलेल्या कळा साठवून ठेवत असे, पंधराएक तरी. पडदा मागे असला तरी बोटं पुढे जात, आणि प्रोग्रॅम मागून येऊन त्या कळा क्रमाने गिळत असे. सचिव पावती छापली जात असतानाच पुढचा कोड मारून मोकळे होत असणार. ब्राउझरमध्ये कर्सर त्या चौकटीत नसेल, किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत पान अडकलं असेल, तर त्या कळा हवेत जातात. त्याहून वाईट म्हणजे भलत्याच चौकटीत पडतात. मग माणसाला प्रत्येक नोंदीला मान वर करून पडदा बघावा लागतो. हे एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून बघा.

टचस्क्रीनचा विषय थोडक्यात संपवतो. हात ओले असतात, दुधाचे असतात. आजचे टच पडदे बोटाच्या विद्युतभारावर चालतात आणि पाण्याच्या थेंबाने गोंधळतात. प्लास्टिकचं कव्हर घातलेला पाच-सातशे रुपयांचा नंबर पॅड इथे कुठल्याही टॅबलेटपेक्षा सरस.

म्हणून काउंटरवर मी कोड आणि एंटरच ठेवीन, पण एक भर घालून. कोड मारताच नाव, फोटो आणि कालच्या वेळचे लिटर ठळक दिसू द्या, जमलं तर उत्पादकाकडे तोंड केलेल्या छोट्या डिस्प्लेवरही. कोड आठवणं सचिवांचं काम, नाव ओळखणं समोरच्याचं. आठवण्यापेक्षा ओळखणं माणसाला फार सोपं जातं, आणि आपल्या नावाऐवजी भावकीतल्या दुसऱ्याचं नाव आलं तर उत्पादक स्वतःच ओरडेल. तुमचे फोटो वाया गेलेले नाहीत. त्यांची जागा निवडण्याच्या यादीत नाही, खात्री करण्यात आहे.

गाय आणि म्हैस हा इथला सगळ्यात महाग पडणारा सापळा. जुन्या प्रोग्रॅममध्ये बहुधा एक कळ दाबली की 'म्हैस' चालू होतं आणि पुन्हा दाबेपर्यंत तसंच राहतं. एकच कळ कधी हा अर्थ देते, कधी तो, या प्रकाराला 'मोड' म्हणतात, आणि त्याला लॅरी टेस्लर या झेरॉक्सच्या संशोधकाचा इतका विरोध होता की त्याच्या गाडीच्या पाटीवरही 'नो मोड्स' असं लिहिलेलं होतं. मी तितका कडवा नाही, पण पैशाच्या नोंदीत अशी लपलेली अवस्था नको. जनावर सभासदाच्या कोडाला जोडा. दोन्ही दूध घालणाऱ्याला दोन कोड द्या. आणि नोंद गाईची असताना फॅट ७ च्या पुढे आली तर प्रोग्रॅमने थांबून विचारावं. तिथेच विचारावं, प्रत्येक नोंदीला नाही. दर वेळी 'खात्री आहे का?' विचारलं की आठवड्याभरात बोट न वाचताच एंटर मारायला शिकतं, आणि ज्या दिवशी खरंच चूक असते त्या दिवशीही मारतं. त्यापेक्षा शेवटची नोंद दुरुस्त करायची एक सोपी कळ द्या. मात्र जुना आकडा पुसू नका. कोणी, कधी, कशाचं काय केलं हे मागे राहिलंच पाहिजे, नाहीतर लेखापरीक्षणात तुमच्या सुंदर प्रोग्रॅमची शोभा होईल.

मग सचिव रजेवर गेले आणि त्यांचा पुतण्या बसला तर? त्याला कोड पाठ नाहीत. इथे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे बघा. आपल्याकडच्या हिशेबनिसांच्या बोटांत टॅली इतकी कशी मुरली, याचं एक कारण तिच्या मेनूत आहे. प्रत्येक पर्यायातलं एक अक्षर वेगळं उठून दिसतं. नवखा माणूस बाणाच्या कळांनी वरखाली जातो, सरावलेला ते अक्षर दाबतो, आणि दोघंही त्याच वाटेने त्याच जागी पोचतात. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, विक्रीला एफ८, खरेदीला एफ९, आणि या कळा पडद्याच्या कडेला सतत दिसत राहतात. शिकवायला कोणी लागत नाही, वापरता वापरता बोटांना कळतं. तुमच्याकडेही कोडाच्या चौकटीत नावाची दोन-तीन अक्षरं टाकली तर खाली जुळणारी नावं यावीत आणि प्रत्येकासमोर कोड दिसावा. पुतण्या पहिले काही दिवस नावाने शोधेल, मग आपसूक कोड मारू लागेल.

आता दरपत्रक. थेट हाताळणीचा खरा मान मी इथे देईन. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा गाईच्या दुधाचा पाया, आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला दर बदलतो. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.० असा तक्ता ०.१ च्या टप्प्याने केला तर २१ ओळी आणि १६ रकाने, म्हणजे ३३६ घरं. तुमच्या स्क्रीनवर एक दर निवडा, बदला, जतन करा, पुढचा निवडा, असा फॉर्म आहे असं तुम्ही लिहिलंय. तो काढून टाका. हिशेबनिसाच्या डोळ्यांसमोर दूध संघाकडून आलेला कागदी तक्ता असतो, तर पडद्यावरही तसाच अख्खा तक्ता दिसावा. व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये आलं तेव्हापासून आकड्यांची जाळी समोर ठेवून हिशेब करणं लोकांच्या अंगवळणी पडलंय. एका घरात बदल केला की तो लगेच दिसावा, एक्सेलमधून अख्खा तक्ता चिकटवता यावा, मागच्या दरापेक्षा बदललेली घरं वेगळ्या रंगात उठून दिसावीत. आणि 'आजपासून लागू करा' दाबेपर्यंत सगळं मागे घेता यावं. वर सांगितलेलं लक्षण ते हेच. जे मागे घेता येतं तिथे माणूस निर्धास्तपणे करून बघतो. दर एकदा लागू झाल्यावर मात्र मागे घ्यायची सोय नको, नवा दर नव्या तारखेने.

संचालकांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना गावाचं एकूण संकलन, सरासरी फॅट, गेल्या वर्षीचा याच महिन्याचा आकडा बघायचा असतो. आलेख, तारखेची पट्टी, बोटाने पुढेमागे. तुम्ही केलेलं आत्ताचं रूप त्यांच्यासाठी ठीकच आहे. मंडळाला तुमचा प्रोग्रॅम आवडला तो त्यांच्याच कामापुरता चांगला आहे म्हणून.

राहिले उत्पादक. स्मार्टफोन घरात एक असतो आणि तो बहुधा मुलाकडे. साध्या फोनचं वास्तव देशपातळीवरही धरलं गेलंय: बँकेच्या कामासाठी फोनवरून फिरवायचा *९९# हा क्रमांक आहे, आणि २०२२च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं, त्यात आयव्हीआर (फोनवर ध्वनिमुद्रित पर्याय ऐकून आकडा दाबणं) आणि मिस्ड कॉल हे मार्ग ठेवले. तुमच्या संस्थेला बिलाची चौकशी मिस्ड कॉलवर देता आली तर तीच पुरेल. नोंदवलेल्या नंबरवरून कॉल आला की चालू बिलाचे लिटर आणि रक्कम एसएमएसने जावी.

आयव्हीआर करायचाच असेल तर ऐकण्याचा मेनू आणि बघण्याचा मेनू यांत फरक आहे, हे विसरू नका. माणसाच्या लक्षात एका वेळी किती गोष्टी राहतात यावरच्या, मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरच्या १९५६च्या निबंधातलं 'सात, दोन कमी की दोन जास्त' हे मेनूत सात पर्यायांपेक्षा जास्त नकोत म्हणून ठोकून दिलं जातं. पडद्यावरच्या मेनूला ते लावण्यात अर्थ नाही, तिथे सगळं समोरच असतं, लक्षात काहीच ठेवायचं नसतं. फोनवर मात्र ऐकलेला पर्याय हवेत विरतो. तिथे तीन-चारच्या वर जाऊ नका, आणि आधी काम सांगा, मग आकडा: 'बिलासाठी एक दाबा'. 'एक दाबा' आधी आलं की माणूस तो आकडा कशासाठी होता हे शोधत राहतो.

आता बोलण्याबद्दल. काउंटरवर बोलून नोंद करायला माझा साफ नकार आहे. वजन आणि फॅट मशीनमधून येतात, मग बोलायचं काय, तर तीन आकडे. ते नंबर पॅडवर पाऊण सेकंदात होतात. त्या खोलीत कॅन आदळतात, मोटार चालू असते, चार जण बोलत असतात. त्यातून आपल्या आकड्यांचं उच्चारण: एकोणपन्नास आणि एकोणसाठ, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, यांत गोंगाटात माणसंही फसतात. चुकीची किंमत म्हणजे एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर.

पण उत्पादकासाठी मी बोलण्याची बाजू घेईन. वाचायला अडचण असलेली आजी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून 'मागच्या बिलाला फॅट किती लागली?' असं विचारू शकत असेल तर ती मोठी सोय आहे. अट अशी की एआयच्या भाषा-मॉडेलने फक्त प्रश्न समजून घ्यावा, आकडा तुमच्या नोंदवहीतूनच यावा. मॉडेलला बेरीज करू देऊ नका. उत्तरात आधी काय समजलं ते यावं, म्हणजे '१ ते १० तारखेच्या बिलात गाईच्या दुधाची सरासरी फॅट ३.८', नुसतं '३.८' नको. तारखा चुकीच्या समजल्या असतील तर आजीला लगेच कळेल. एलायझा काही ठरीव नियमांवर माणसाचंच वाक्य फिरवून परत देत असे, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत, आणि हे बघून वायझेनबॉम स्वतः अस्वस्थ झाला होता. आजची मॉडेलं त्याहून कितीतरी सफाईने बोलतात. अस्खलित मराठीत सांगितलेला चुकीचा आकडा गावात खरा मानला जाईल, आणि भांडण सचिवांशी होईल. बँक खाते बदलणं किंवा उचल मागणं यांसारखं काही या मार्गाने होऊ देऊ नका. त्याला सही असलेला अर्जच बरा.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. संस्थेत तीस-चाळीसच उत्पादक असतील तर २१ मिनिटांचं गणित चारेक मिनिटांवर येतं, मग यादीतून निवडलं तरी चालेल. काट्यावरची माणसं दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर कोडापेक्षा नावाच्या शोधाला पुढची जागा द्या. काटा आणि ॲनालायझर जोडलेले नसतील आणि आकडे हाताने टाकायचे असतील तर नंबर पॅडची बाजू आणखी भक्कम होते. आणि संघाने दिलेल्या टॅबलेटवरच चालवायची सक्ती असेल तर त्याला नंबर पॅड जोडता येतो का ते आधी बघा.

प्रत्यक्ष बदलायला बसाल तेव्हा सचिवांना जुन्या प्रोग्रॅमच्या कळा विचारून लिहून घ्या आणि शक्य तितक्या तशाच ठेवा. ब्राउझरमध्ये यातल्या काही अडतील. एफ५ दाबली की पान नव्याने लोड होतं आणि अर्धी नोंद जाते. ती कळ तुमच्या कोडमधून अडवता येते, ती अडवाच. पण कंट्रोल-एन, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू साध्या टॅबमध्ये ब्राउझर सहसा स्वतःकडेच ठेवतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये नव्या नोंदीला कंट्रोल-एन असेल, तर एकतर प्रोग्रॅम ब्राउझरबाहेर स्वतंत्र ॲप म्हणून बांधा, नाहीतर दुसरी कळ ठरवा. ती कोणती असावी हे सचिवांनाच ठरवू द्या.